भंगारातली एक एचपी

भिवापूरच्या भंगारवाल्यानं ती अठरा किलो भरवली,
तांब्याचे पैसे वेगळे मागितले.
ओळखपट्टी घासून गुळगुळीत,
एचपी एक आहे हेही त्याच्याच तोंडचं.

शालिककाका मोटारी नाकानं तपासतात.
वास घेतला. “जयाली नाही,” म्हणाले,
आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या.
सायत्राबाई दडमलच्या तिखटाच्या मशीनची ही.
बारा वर्षं मिरची कुटली,
वायंडिंगच्या वेढ्यांत अजून लाल पूड.

मला हवे होते मोजके आकडे.
ते दिले की लॅपटॉपमधली मोटार फिरते,
तेलपाण्याशिवाय, आवाजाशिवाय,
आणि सर प्रोजेक्टवर सही करतात.

आधी ट्रॅक्टरची बॅटरी लावली.
बारा पॉइंट चार व्होल्ट, चार पॉइंट आठ अँपिअर,
भागाकार वहीच्या कडेला, पेन्सिलनं.

मग रोटर अडवायचा.
वॅटमीटर कॉलेजचा, टॉवेलात गुंडाळून
उमरेडच्या एसटीत मांडीवर आणलेला.
व्होल्टेज कमी करायला शेगडीची कॉइल.
काकांनी शाफ्टला पाइप पाना लावला,
पान्याचं टोक बाजेच्या पायाखाली,
बाजेवर स्वतः बसले.
“वाच लवकर!”
अठ्ठावन्न व्होल्ट. सात अँपिअर.
मोटार जागच्या जागी घुमत तापली
आणि बारा वर्षांचं तिखट एकदम हवेत आलं.
वॅटचा काटा मी डोळे पुसत वाचला,
दोनशे पासष्ट असेल, साठही असेल,
खोकत खोकत आम्ही दोघं अंगणात.

वर्ग, वजाबाकी, वर्गमूळ, अर्धे करून दोन्हीकडे.
तीन पॉइंट चौदा.
“काका, पाय निघाला!”
“मोटारीले?”

कपॅसिटर फुगून कधीच मेलेला.
त्याच्याशिवाय ती नुसती गुणगुणते, उठत नाही.
पुस्तकात याचं दीड पान आहे:
उलटसुलट फिरणारी दोन क्षेत्रं, सारख्याच ताकदीची,
मधे रोटर, दोन्हीकडून ओढलेला, म्हणून उभा.
काकांनी पुलीला दोरी गुंडाळून हिसका दिला.
उजवीकडे पळाली.
थांबवली, उलटी गुंडाळली, हिसका.
डावीकडे पळाली, तितक्याच आनंदानं.
“ढकलशीन तिकडं जाते थे,” ते म्हणाले.
दीड पान संपलं.

दिवसा गावात एकशे पंच्याऐंशीच येतात.
रात्री साडेअकराला, टीव्ही विझल्यावर,
काटा दोनशे एकोणतीसला टेकला.
दोरी, हिसका, आणि ती मोकळी फिरू लागली.
दारात सायत्राबाई.
“आवाज वयखला मी. माह्यीच हाये.”
स्क्रीनवरची वक्ररेषा तिला दाखवली,
तिनं ती लहान पोराचं चित्र बघावं तशी बघितली.
मग मोटारीकडे वळून म्हणाली,
“ओल्या मिरचीले कुंथे हे.
मंग मी मूठभर कमी टाको.”
लोडच्या रकान्यात मूठ हे एकक नाही.
मी तरी वहीत लिहिलं: मूठ, ओली.

एकच आकडा राहिला होता, जडत्वाचा.
त्यासाठी चालती मोटार तोडून
ती किती वेळ फिरत राहते ते मोजावं लागतं.
मी स्विचकडे हात नेला
आणि लाइन गेली.

काका वीज मंडळाच्या नावानं सुरू होणार तोच
“श्श!” मी म्हणाले. “मोजा!”
लॅपटॉपचा निळा उजेड तेवढा भिंतीवर.
पंखा दिसत नव्हता, फक्त त्याचा आवाज
जाडा होत चाललेला,
काकांचं पुटपुटणं, सायत्राबाईच्या बांगड्या
एकेका आकड्याला,
बेअरिंगची शेवटची खरखर,
मग रातकिडे.

काका म्हणाले तेवीस.
सायत्राबाई म्हणाली बावीस.
मी साडेबावीस लिहिलं
आणि शिंकले.